बाकीशी अबोला

गणितातल्या धड्यांशी माणसांसारखे संबंध ठेवणारा माणूस पुण्यात आजवर एकच झाला, आणि त्याने नेमकं माझ्याच चौथीच्या वर्गाला शिकवावं हे माझं दुर्दैव. इतर लोकांना गणित एकतर आवडतं, नाहीतर आवडत नाही. आमच्या गुरुजींचं असं सरसकट काही नव्हतं. त्यांचं प्रत्येक धड्याशी वेगळं वागणं होतं. बेरजेवर लेकीसारखा जीव, गुणाकाराला जावयाचा मान, अपूर्णांकांची काळजी, दशांशांचा संशय. आणि भागाकाराच्या घरातली एक व्यक्ती अशी होती, की तिच्याशी त्यांनी कायमचा अबोला धरला होता. तो अबोला मला फार महाग पडला. ते मी चाळीस वर्षं मनात धरून होतो आणि अजूनही पुरतं सोडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नारायण पेठेत माझं फरशांचं दुकान आहे. ते मी कोणाच्या बापाच्या जिवावर उभं केलेलं नाही. मला राग लवकर येतो, आणि भाव करताना मी समोरच्याला घाम फोडतो, असं लोक म्हणतात. खरं असेल. पण या एका माणसाशी माझा सौदा शेवटपर्यंत जमला नाही.

गुरुजी महापालिकेच्या शाळेत होते. अंगाने काडी, सदऱ्याच्या खिशात एक लाल पेन, आणि दोन्ही कोपरांवर कायम खडूची पूड. बेरीज शिकवायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. हातचा विसरलेला त्यांना अजिबात खपत नसे. ‘‘हातचा विसरलास? म्हणजे पाहुण्याला घरी बोलावलंस आणि दाराबाहेर उभा करून आतून कडी लावलीस. जा, आत घे त्याला!’’ मग त्या पोराने फळ्यापाशी जाऊन, डोक्यावर लिहिलेला तो एक बोटाने खाली ओढून आणल्याचा अभिनय करायचा, आणि गुरुजी त्या एकाला ‘‘या, बसा’’ म्हणायचे. वजाबाकी त्यांना फारशी पसंत नव्हती, पण ते तिला निभावून नेत. त्यातही दशकाकडून उसना घ्यायची वेळ आली की ते थांबायचे. ‘‘शेजाऱ्याच्या घरातून न विचारता उचललंस?’’ आम्ही सगळ्यांनी एका सुरात ‘‘दशककाका, एक द्या हो’’ म्हटल्याशिवाय वजाबाकी पुढे सरकत नसे. एकदा वरच्या संख्येत दशकाच्या जागी शून्य निघालं. दशककाकांकडेच काही नव्हतं. ते मग शतकआजोबांकडे गेले. शतकआजोबांनी दिलं, काकांनी त्यातलं आम्हाला दिलं, आणि या देवाणघेवाणीत गुरुजींचे डोळे इतके भरून आले की ते उदाहरण त्या दिवशी अर्धंच राहिलं.

आकड्यांच्या बाबतीत त्यांचे लाडके आणि नावडते पक्के ठरलेले होते. चोवीस हा त्यांच्या मते गावातला सर्वांत सज्जन आकडा. ‘‘दोन या, तीन या, चार या, सहा या, आठ या, बारा या. कोणालाही नाही म्हणत नाही.’’ साठ तर त्याहून मोठा माणूस. घड्याळाचं सगळं चालतं ते साठच्या चांगुलपणावर, असं ते सांगत. सतरा, तेवीस, एकोणतीस यांचा मात्र त्यांना मनस्वी कंटाळा. ‘‘माणूसघाणे! दार वाजवा, उघडणार नाहीत.’’ सतराचा पाढा ते स्वतः म्हणत नसत, एका मुलीला म्हणायला लावून खिडकीबाहेर बघत राहत. केळी ते कायम डझनाने घेत. एकदा मंडईतल्या केळीवालीने प्रेमाने एक केळं जास्त घातलं. ‘‘बाई, बाराचे तेरा केलेत! आता याचं काय करू मी?’’ असं म्हणून त्यांनी ते तेरावं तिलाच खायला लावलं, आणि ती खाईपर्यंत तिथून हलले नाहीत.

अर्धा, पाव, पाऊण यांच्यावर त्यांची माया होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे अभ्यासक्रमातून केव्हाच गेले होते. पण शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं ते वर्गाचं दार लोटून घेत आणि आमच्याकडून हळू आवाजात म्हणवून घेत. जणू बंदी असलेलं काहीतरी आम्ही करतो आहोत. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात, तो आला की त्यांची मान डोलायला लागायची. अंशाधिक अपूर्णांक, म्हणजे ज्यात वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा, तो दिसला की ते कळवळत. ‘‘बघा रे बाबांनो, डोक्यावर एवढं गाठोडं आणि खाली काड्यांचे पाय. उतरवा आधी ते.’’ दशांशचिन्हावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. ‘‘माशी बसली तरी उत्तर बदलतं, त्याला गणित म्हणायचं?’’ भूमितीत काटकोन त्यांना आवडे, कारण तो सरळ उभा राहतो. विशालकोन काढताना मात्र ‘‘हा बघा, आरामखुर्चीत पसरला’’ असं म्हणून त्याला मुद्दाम लहान काढत. शाब्दिक उदाहरणांत तर ते अडकूनच पडत. कोणीतरी तीस आंबे आणले, त्यातले सहा नासले, असं वाचलं की पुढचं सगळं राहिलं बाजूला. ‘‘नासले कसे? पेटी बंद ठेवली असेल. वारा नको का लागायला?’’ मग किती आंबे उरले ते घंटा होईपर्यंत कोणाला कळत नसे.

आता माझं सांगतो. मी मूळचा लोणी काळभोरचा. चौथीचं वर्ष निम्मं झाल्यावर वडिलांनी मला शिकायला नारायण पेठेत मावशीकडे पाठवलं. गुरुजींच्या वर्गात तेव्हा चाळीस मुलं होती. चाळीस म्हणजे दोनने जाणारा, चारने जाणारा, पाचने, आठने, दहाने जाणारा सज्जन आकडा. मी दारात उभा राहिलो आणि चाळीसचे एक्केचाळीस झाले. एक्केचाळीस कशानेच जात नाही, पाहिजे तर करून बघा. गुरुजींना आवडणारा वर्ग मी एका पावलात माणूसघाण्या करून टाकला, असं मला लहानपणापासून वाटत आलं. तसं वाटायला कारणही होतं. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी वर्ग मोजताना स्वतःला मोजायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत, एक्केचाळीसवर माझ्या डोक्याला हात लावत आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणत, ‘‘बेचाळीस.’’ फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या बेचाळीस. मुख्याध्यापकांनी त्यावरून त्यांना सगळ्यांदेखत झापलं. ‘‘गुरुजी, आपण चौथी पास झाला आहात असा आमचा समज होता!’’ गुरुजी ‘‘हो साहेब’’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बेचाळीस लिहिलं. मैदानावर जाताना दोन-दोनच्या जोड्या होत. माझी जोडी कोणाशी, तर गुरुजींशी. सगळी पोरं एकमेकांचे हात धरून खिदळत चालत, आणि मी सर्वांत मागे, एका म्हाताऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचा खडूने माखलेला हात धरून. ती शरम मी विसरलो नव्हतो.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. गुरुजींनी आम्हाला भागाकार शिकवला, बाकी शिकवली नाही. शिकवली नाही म्हणजे अशी काही वस्तू जगात असते हेच कळू दिलं नाही. त्यांच्या फळ्यावरचा प्रत्येक भागाकार निःशेष जायचा, खाली शून्य येऊन स्वस्थ बसायचं. उदाहरणं ते घरून तयार करून आणत. पुस्तकात बाकी उरणारी जी उदाहरणं होती, त्यांच्यावर त्यांनी आमच्याकडून पेन्सिलीने काट मारून घेतली होती. ‘‘ही छपाईची चूक आहे. आकडा चुकलाय.’’ आम्ही विश्वास ठेवला. चौथीतलं पोर गुरुजींवर ठेवणार नाही तर कोणावर ठेवणार? एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांनी फळ्यावर सतरा भागिले पाच लिहिलं. सगळा वर्ग एकसाथ ओरडला, ‘‘साहेब, चुकलंय!’’ पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून गेली, साहेबांच्या सतराचे तिने स्वच्छ अक्षरात पंधरा केले आणि तीन असं उत्तर लिहून जागेवर येऊन बसली. साहेब गुरुजींकडे बघत राहिले. गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले.

इथपर्यंत सगळ्यांना हसायला येतं. मलाही आलं असतं. पण त्या मार्चमध्ये मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलो. वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं, ‘‘स्कॉलरशिप मिळाली तर पोराला पुढं शिकवायचा. न्हाय तर सातवी झाली की लागू दे कामाला.’’ माझी तयारी चांगली होती. क्षेत्रफळ तर मला तोंडपाठ यायचं. लांबी, रुंदी ऐकली की उत्तर डोळ्यांपुढे उभं राहायचं. पेपर हातात आला, बेरजा झाल्या, गुणाकार झाले, आणि पुढे छापलेलं होतं, पाचशे त्र्याऐंशीला आठने भागा. मी भागलं. खाली सात राहिले. मी पुन्हा भागलं. पुन्हा सात. मी हात वर करून पर्यवेक्षक बाईंना म्हणालो, ‘‘बाई, प्रश्न चुकीचा छापलाय.’’ बाई म्हणाल्या, ‘‘दीडशहाणा आहेस का? गप सोडव.’’ मग मला वाटलं, चूक माझीच असणार. खोडलं, पुन्हा केलं. पुढच्या उदाहरणात तीन उरले, त्याच्या पुढच्यात एक. खोडून खोडून कागदाला भोक पडलं, आणि त्या भोकातून मला खालचं बाक दिसायला लागलं. घंटा झाली तेव्हा शेवटचं पान मी उलटलंही नव्हतं. त्या पानावर सगळी क्षेत्रफळाची उदाहरणं होती, हे मला बाहेर आल्यावर पोरांच्या बोलण्यातून कळलं. त्या पोरांना घरी शिकवणारं कोणीतरी होतं, कोणाची ताई, कोणाचे काका. त्यांना बाकी माहीत होती. माझ्या मावशीला सही करता यायची, तेवढंच.

शिष्यवृत्ती गेली. वडील म्हणाले, ‘‘डोकं न्हाय चालायचं याचं,’’ आणि सातवीनंतर मी फरशीच्या वखारीत पेट्या उचलायला लागलो. पुढे वखारवाल्याशी भांडलो, दुसरीकडे गेलो, तिथेही भांडलो, आणि शेवटी भांडायला कोणी उरू नये म्हणून स्वतःचं दुकान काढलं. गिऱ्हाईक खोलीची लांबी, रुंदी सांगतं आणि ते पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत मी किती फरशा, किती तुकडे, किती उरतील ते सांगतो. माझ्या दुकानात मी एक पाटी लावली आहे : ‘उरलेला माल परत घेतला जात नाही. वाद घालू नये.’ ही पाटी लिहून घेताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं, ते सांगायला नको.

गेल्या वर्षी ते स्वतःच दुकानात आले. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी काढून खरखरीत बसवायची म्हणून लेक त्यांना घेऊन आली होती. ती खराडीकडे कुठल्यातरी कंपनीत कामाला होती आणि सारखी घड्याळ बघत होती. मी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. ते माझ्याकडे बघून नुसते हसले, जसे कोणाकडेही बघून हसले असते. मी काही बोललो नाही. न्हाणीघर त्यांनी स्वतः मोजलं होतं. ‘‘एकशेसव्वीस. एकही जास्त नको.’’ मी म्हटलं, ‘‘कापताना तुटतात, दहा जास्त न्या.’’ ‘‘का म्हणून तुटतील? सांभाळून कापा म्हणून सांगू.’’ लेकीने त्यांच्या पाठीमागून मला खूण करून एक पेटी जास्त सांगितली. हिशोब मी तिथेच तोंडी, मोठ्याने केला आणि भावात एक पैसा सोडला नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी गुरुजी एकटेच आले. हातात कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फरशी. ती त्यांनी बाळ ठेवावं तशी काउंटरवर ठेवली.

‘‘कापताना तुटल्या त्या तुटल्या. ही एक उरली.’’

‘‘पाटी वाचलीत ना?’’

‘‘वाचली. पण माल म्हणजे पुष्कळ असतो. ही एकच आहे.’’

‘‘एक असो नाहीतर शंभर. नियम म्हणजे नियम.’’

‘‘शंभर असत्या तर मी आलोच नसतो. शंभर एकमेकींना सोबत असतात. एकटी ठेववत नाही हो घरात. माळ्यावर ठेवली, तर रात्रभर लक्ष तिकडेच.’’

आणि माझं डोकं फिरलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांची पर्वा न करता मी बोलत सुटलो. ‘‘गुरुजी, या तुमच्या ठेववत नाहीपायी माझं काय झालं माहीत आहे का तुम्हाला?’’ पाचशे त्र्याऐंशी भागिले आठ, बाई, कागदाचं भोक, न उलटलेलं पान, वडील, वखार, सगळं सांगितलं. चाळीस वर्षं मी मनात घोकलेलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. गिऱ्हाइकं केव्हा निघून गेली मला कळलं नाही. गुरुजी रिकाम्या पिशवीची घडी घालत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले,

‘‘तू एक्केचाळिसावा.’’

‘‘म्हणजे ओळखलंत?’’

‘‘त्या दिवशीच ओळखलं. सात नवे त्रेसष्ट म्हणताना अजून डावा डोळा बारीक करतोस.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तू बोलला नाहीस. मला वाटलं, रागावला असशील.’’

‘‘आहेच रागावलेला!’’

‘‘मग बरोबर,’’ ते म्हणाले. मी खुर्ची दिली नव्हती; त्यांनी एका पेटीवर बसायला जागा केली. ‘‘तू आलास त्या दिवशी मी भागाकारच शिकवत होतो. आठवतं? दर वर्षी पोरं उभी करून शिकवायचो. पाच-पाचचे गट केले, आठ झाले. आठ-आठचे केले, पाच झाले. तेवढ्यात तू दारात आलास, मावशीचं बोट धरून. मी म्हटलं, ये, तूही उभा राहा. आणि पुन्हा गट केले. पाच-पाचचे केले, तू उरलास. चार-चारचे केले, तू उरलास. दहा-दहाचे केले...’’

‘‘मी उरलो.’’

‘‘मला मजा वाटली रे. बाकी शिकवायला इतकं छान उदाहरण कधी मिळालं नव्हतं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, बाकी एक. तुझ्याकडे बोट केलं आणि वर्गाला विचारलं, हा कोण? सगळे ओरडले, बाकी! तू रडलास.’’

‘‘मी रडलो नाही. मी कधी रडत नाही.’’

‘‘भिंतीकडे तोंड करून फळ्याखाली उभा राहिलास. नाकात खडूची पूड गेली म्हणालास.’’

मला फळा आठवला नाही, पोरं आठवली नाहीत. भिंतीचा पिवळा रंग मात्र आठवला, अगदी नाकासमोरचा, आणि त्यावरचा एक पोपडा.

‘‘ते पुसलं, माझंच चुकलं होतं म्हणून वर्गाला सांगितलं, आणि त्यानंतर ते काही माझ्याच्याने फळ्यावर लिहवेना,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘दुसऱ्या दिवशी मीच तुमच्यात आलो. बेचाळीस. दोनने जातो, तीनने जातो, सहाने, साताने जातो. चांगला आकडा आहे. परीक्षेच्या आधी बाकी शिकवीन म्हटलं होतं. रोज खडू उचलायचो, तू पहिल्या रांगेत बसलेला दिसायचास, आणि मी बेरीज द्यायचो.’’

‘‘आणि पुढच्या वर्षी? तेव्हा तर मी नव्हतो.’’

‘‘पुढच्या वर्षीही कोणीतरी एक होताच. दर वर्षी असतोच.’’ मग त्यांनी माझ्याकडे नीट बघून सांगितलं, ‘‘चूक माझी आहे. सगळीच्या सगळी माझी. तुला उरणं सोसायला शिकवायला हवं होतं, मी उरणंच पुसून टाकलं. परीक्षेत ते तुला एकट्याला भेटलं.’’

व्यापारात एक गोष्ट मला पक्की कळलेली आहे. आपण बोली लावावी आणि समोरच्याने घासाघीस न करता हो म्हणावं, यासारखा त्रास नाही. वाटतं, आपण काहीतरी फार चुकीचं मागितलं. मी चाळीस वर्षं तयारी केली होती. ते असं म्हणाले तर मी तसं म्हणेन, त्यांनी नाकारलं तर मी हे काढेन. मी मागितलेला भाव त्यांनी एका वाक्यात हातावर ठेवला. म्हणून मी माझ्या सवयीने वाईट बोललो. ‘‘आता चूक म्हणून काय उपयोग? पेपर परत घेणार आहात का माझा?’’

गुरुजींनी मान हलवली, एखादी ऑर्डर लिहून घ्यावी तशी. फरशी तिथेच ठेवून निघाले. पायरी उतरताना त्यांनी न बघता हात मागे केला. मैदानावर जाताना करायचे तसाच. मी काउंटरमागे होतो. मी गेलो नाही. त्यांनी मग तोच हात भिंतीला लावला आणि उतरले.

आठवड्याने ते पुन्हा आले. वहीचा दुहेरी कागद, त्यावर थरथरत्या अक्षरात : ‘फेरपरीक्षा. विषय : भागाकार. गुण : शंभर. वेळ : लागेल तेवढा.’ खाली दहा उदाहरणं. नेमका एक बिल्डर समोर बसून माझ्याशी भाव करत होता. मला लाज वाटली. ‘‘ठेवा, बघतो,’’ म्हणून मी कागद ड्रॉवरमध्ये सारला. त्यानंतर भाजी घेऊन जाताना ते फुटपाथवरूनच विचारत, ‘‘सोडवलास?’’ मी म्हणे, ‘‘दिवाळीची गर्दी आहे.’’ पुन्हा एकदा विचारलं, ‘‘झाला का?’’ मी म्हटलं, ‘‘मार्चअखेर जाऊ दे.’’ खरं सांगायचं तर वेळ होता. पण मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी थांबलो होतो, आता जरा त्यांनी थांबावं.

एप्रिलमध्ये लेक एकटीच आली. उभ्या उभ्याच म्हणाली, ‘‘दादा, बाबा गेले. पंधरा दिवस झाले. सॉरी, कोणाकोणाला कळवायचं तेच मला माहीत नव्हतं. शेवटी शेवटी सारखे म्हणत होते, एक पेपर तपासायचा राहिलाय. हॉस्पिटलमध्येसुद्धा लाल पेन खिशात. नर्स काढून ठेवायची, ते परत मागून घ्यायचे. मला वाटलं, कन्फ्यूज झालेत.’’ मी पाणी विचारलं. ती नको म्हणाली. जाताना तिची नजर काउंटरच्या कोपऱ्यातल्या फरशीवर गेली. ‘‘ही आमचीच ना? तुम्ही परत घेत नाही म्हणाला होतात.’’

‘‘घेतली,’’ मी म्हटलं.

ती गेल्यावर मी शटर अर्धं खाली घेतलं आणि तो कागद बाहेर काढला. रोज हजारो फरशांचा हिशोब तोंडी करणारा मी, पेन्सिलीला टोक काढून बसलो. पहिलं उदाहरण तेच होतं, पाचशे त्र्याऐंशी भागिले आठ. बहात्तर आले, बाकी सात. माझ्या हाताने मी ती सात लिहिली आणि पुढे गेलो. सतरा भागिले पाच होतं, साहेबांचं. तेवीसला चारने भागा होतं. ज्या माणसाने इतकी वर्षं फळ्यावर एक बाकी उरू दिली नाही, त्याने माझ्यासाठी एकामागून एक नऊ उदाहरणं अशी घातली होती, की एकही धड जाऊ नये. काही ठिकाणी अक्षर इतकं हललं होतं की त्यांनी आकडा पुन्हा गिरवला होता. दहाव्याला मात्र त्यांना राहवलं नसावं. ते शाब्दिक उदाहरण होतं. ‘एका वर्गात बेचाळीस जण आहेत. मैदानावर जाण्यासाठी त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या. तर किती जण उरले?’

नऊ उदाहरणं मी दहा मिनिटांत केली होती. या एकाला संध्याकाळ झाली. बाहेर कोणीतरी शटर वाजवून गेलं. उत्तर काय ते मला येतं. बेचाळीसला दोनने भागलं की एकवीस जोड्या होतात आणि कोणी उरत नाही, हे चौथीतल्या पोरालाही येतं. लाल पेन घेऊन बसलेला माणूस समोर असता, तर मी शून्यच लिहिलं असतं.

मी एक लिहिलं.